तांजियरचा पाहुणा आणि पांढुर्ण्याचा प्रवासी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत तीन वर्षे भूगोल शिकलो. आज त्यांच्या तसबिरीशेजारी उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे आणि तो मला थोडा जड जातो, हे प्रारंभीच कबूल करतो. वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहत शांतपणे उभे राहण्याची त्यांची सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या शांततेची भीती मला अजून वाटते.

व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. मी मोरोक्को निवडला. नोकरीच्या निमित्ताने २००७ साली काही महिने मी त्या देशात राहिलो, हे एक कारण. पण ते मुख्य कारण नव्हे. आमच्या क्रमिक पुस्तकात मोरोक्कोला जेमतेम दोन ओळी होत्या. ॲटलास पर्वत, फॉस्फेटच्या खाणी, संत्र्याच्या बागा, संपले. गुरुजी कापडावर चिकटवलेला तो जुना नकाशा उघडीत, आफ्रिकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर छडी टेकवीत आणि म्हणत, “पोरांनो, संत्रा म्हणजे आपलाच, असं समजू नका. इथंही आहे. कोणी गेलाच तिकडं, तर मला पत्र टाकून कळवा, कसा लागतो ते.” वर्ग हसत असे. सौंसरकडच्या संत्र्याच्या बागांत वाढलेल्या मुलांना आफ्रिकेतील संत्रा ही थट्टाच वाटायची. ते पत्र पुढे मी खरोखरच लिहिले. आजचे माझे बोलणे त्या पत्राविषयी आणि त्याला आलेल्या उत्तराविषयी आहे.

परंतु पांढुर्ण्याहून मोरोक्कोला गेलेल्या प्रवाशाची हकिकत सांगण्याआधी मोरोक्कोहून मराठी मुलखात आलेल्या प्रवाशाचा मान आहे. तो आमच्याआधी साडेसहा शतके निघाला होता.

इब्न बतूता १३०४ साली तांजियर या बंदरात जन्मला. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजला जातो म्हणून घराबाहेर पडला आणि स्वदेशी परतला तो १३४९ मध्ये. मधल्या काळात तो सिंधू ओलांडून दिल्लीस आला, मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी झाला आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला. ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन असे टप्पे घेत तो दौलताबादेस पोहोचला आणि पुढे नंदुरबारवरून खंबायतेच्या बंदराकडे गेला. म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाचा एक काठ आणि महाराष्ट्राचा दुसरा काठ त्याने पाहिला. मायदेशी परतल्यावर फेझच्या सुलतानाच्या आज्ञेने त्याने सारा वृत्तांत सांगितला, इब्न जुझय नावाच्या विद्वानाने तो लिहून काढला आणि १३५५ साली ग्रंथ पुरा झाला.

या ग्रंथात मराठ्यांचा उल्लेख नावानिशी आहे. आपल्या ग्रंथांत आपण स्वतःविषयी जे लिहिले ते निराळे. परक्याच्या डोळ्यांना आपण कसे दिसलो याच्या फार जुन्या नोंदींपैकी ही एक आहे. दौलताबादेची द्राक्षे आणि डाळिंबे त्याने वाखाणली आहेत. मराठी स्त्रियांच्या नाकाभुवयांच्या सौंदर्याची तारीफ केली आहे. सभेत भगिनीवर्ग उपस्थित असल्याने ती साक्ष मी वगळू शकत नाही. नंदुरबारच्या लोकांविषयी तो म्हणतो की हे कारागिरीत निपुण आहेत, यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत. यांचे अन्न भात, भाज्या आणि तिळाचे तेल. प्राण्यांना पीडा देणे यांना रुचत नाही. जेवणाआधी हे स्नान करतात. सात पिढ्यांच्या आतील नात्यात लग्न करीत नाहीत आणि मद्याला मोठा दोष मानतात.

हे वाचताना बरे वाटते आणि लगेच शंकाही येते. सगळेच मराठे भातभाजीवर राहत होते काय? उघडच नाही. हा पाहुणा ज्या घरांत उतरला, ज्या थोरामोठ्यांशी बोलला, त्यांचे आचार त्याने साऱ्या जातीच्या नावे मांडले. प्रवाशाचे हे असेच असते. ज्या ओसरीवर त्याला पाट मांडला जातो, ती ओसरी त्याच्या वहीत देश होऊन बसते. याच ग्रंथात दौलताबादच्या तुरुंगातील, मांजरांना न जुमानणाऱ्या राक्षसी उंदरांचीही गोष्ट आहे. ती ऐकीव आहे. पण ज्याने तेवढीच ऐकली असेल त्याच्या मनात दौलताबाद म्हणजे उंदीरच.

त्याने आणखी एक प्रसंग लिहिला आहे. लढाईत नवरे पडलेल्या तीन विधवा सती जाताना त्याने पाहिल्या. ढोलताशे, सजविलेले घोडे, दाट झाडीतले पाणी, पेटलेला अग्नी असे सगळे तपशील त्याने दिले आहेत. ते पाहून तो घोड्यावरून कोसळण्याच्या बेतात होता; सोबत्यांनी पाणी आणून त्याच्या तोंडावर मारले. वर्णन चटका लावणारे आहे. त्या तिघींची नावे मात्र त्यात नाहीत. पूर्वी मी हे पान वाचले होते, पण ही उणीव मला दिसली नव्हती. ती मला कोणी दाखविली, ते पुढे येईल.

आता माझी हकिकत. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर जोर्फ लस्फर नावाचे बंदर आहे. जगातील ज्ञात फॉस्फेटच्या साठ्यांचा निम्म्याहून कितीतरी मोठा भाग मोरोक्कोकडे असल्याचे भूवैज्ञानिक सांगतात, आणि आपल्या देशात तो खनिज पुरेसा नाही. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी तेथील सरकारी खाणकंपनीशी भागीदारी करून फॉस्फोरिक ॲसिडचा एक कारखाना उभारला. आपल्याकडे मृगाच्या आधी सोसायटीत डीएपीच्या गोण्यांसाठी रांग लागते. त्या गोणीतल्या फॉस्फरसचे गाव पुष्कळदा हे असते. भूगोलाच्या पुस्तकातल्या दोन ओळींपैकी एक ओळ आमच्याच बागेत दर वर्षी मातीत मिसळली जात होती, हे मला तेथे गेल्यावर उमगले. माझे काम मापनयंत्रांच्या देखभालीचे होते. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मुक्काम अल जदीदा या गावी होता. समुद्राला लागून पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला आहे आणि त्याच्या पोटात खांबांवर तोललेले पाण्याचे विलक्षण टाके. किल्ल्याचे जुने पोर्तुगीज नाव माझगाँव. मुंबईचे आपले माझगावही पोर्तुगीज कागदांत असेच लिहिले जाई, हे कळल्यावर परक्या गावात ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसई घेतली. त्यानंतर तीस वर्षांनी, १७६९ मध्ये, पोर्तुगिजांना हाही किल्ला सोडावा लागला.

माझ्या हाताखाली नव्हे, बरोबरीने काम करणारा एक मोरोक्कन तंत्रज्ञ होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. त्याची परवानगी घेतलेली नाही. पहिल्याच शुक्रवारी त्याने मला घरी जेवायला बोलाविले. शुक्रवारच्या नमाजानंतर कुसकुस करायचा आणि घरच्यांनी एकाच थोरल्या परातीभोवती बसून तो खायचा, हा तेथील रिवाज. रव्याचे बारीक दाणे वाफेवर दोनतीनदा मोकळे करीत शिजवितात, वर गाजर, भोपळा, सलगम, कोबी आणि चणे रचतात आणि मधोमध मांस ठेवतात. मी वारकऱ्यांच्या घरचा. मांस खात नाही, एवढे मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितले. त्याच्या आईने हसून मांसाचे तुकडे आपल्या बाजूला ओढले आणि भाज्या माझ्याकडे सारल्या. पण रस्सा मांसाचाच होता. मी दोन घास चिवडले आणि हात आखडला.

त्या घरात जे शांत झाले ते मला आजही ऐकू येते. मी पथ्य पाळीत होतो. त्यांना मात्र वाटले की पाहुण्याला अन्नाची किळस आली. पुदिन्याचा गोड चहा उंचावरून धार धरून पेल्यात ओतला गेला, मी तीन पेले प्यालो, तरी ते मिटले नाही. वाटेत सहकारी बोलला नाही.

पुढच्या शुक्रवारी बोलावणे येईल असे मला वाटले नव्हते. ते आले. चुलीवर दोन भांडी होती. एक त्यांच्यासाठी आणि एक, निव्वळ भाज्यांच्या पाण्यावर वाफवलेले, माझ्यासाठी. परातीत मधे कणकेची बोटभर भिंत घालून त्या माउलीने माझा भाग वेगळा केला होता. कारण मला वेगळ्या ताटात वाढणे तिला अपमानाचे वाटत होते. एका परातीतून जेवायचे, हे तिचे व्रत. मांस खायचे नाही, हे माझे. दोन्ही व्रते तिने एका परातीत बसविली. जेवताना मुलाकरवी तिने विचारले, “तुमच्या देशात कोणी जनावराला दुखवीत नाही, हे खरे काय?” मला एकदम नंदुरबारची ती ओळ आठवली. मी म्हणालो, “सगळेच तसे नाहीत. माझ्या घरापुरते खरे आहे.” तांजियरच्या पाहुण्याने राहून गेलेली दुरुस्ती मी तेवढी करून आलो. त्यानंतर मी तिला ‘खाल्ती’ म्हणू लागलो. खाल्ती म्हणजे मावशी. आपल्याकडचे मुसलमान बांधव खाला म्हणतात, तोच शब्द.

शब्दांची अशी नाती तेथे पावलोपावली भेटतात. साबण, हिशेब, दुनिया, सवाल हे सारे अरबी घरचे शब्द थोड्या निराळ्या उच्चाराने बाजारात कानी पडत. उलट दिशेने गेलेला शब्दही आहे. आपल्या नारंगाचा फारसीत नारंग झाला, अरबीत नारंज झाला आणि मोरोक्कोच्या आडगल्ल्यांतील कडू संत्र्याला आजही ‘लारंज’ म्हणतात. त्याच्या फुलांचे अत्तरपाणी पाहुण्याच्या हातावर शिंपडतात. इंग्रजीत संत्र्याच्या एका जातीला टँजरीन म्हणतात, ते तर तांजियरवरूनच. त्या बंदरातून हे फळ इंग्लंडला जाई. गुरुजींना लिहायचे होते ते हेच. तिकडचा संत्रा घट्ट सालीचा, आंबटगोड आणि टिकाऊ; आपल्यासारखी नखाने सहज निघणारी सैल साल त्याला नाही. आपल्या आंबिया बहाराशी त्याची तुलना करण्याचा मोह मी आवरला, कारण न्याय करणारा मी एकटाच होतो आणि तोही सौंसरचा भाचा.

मराकेशला दोन दिवस गेलो होतो. जे सर्व प्रवासी पाहतात तेच पाहिले आणि त्यातले फारसे लक्षात राहिले नाही. जेमा अल फना या चौकातला एक म्हातारा कथेकरी मात्र आठवतो. भोवती माणसांचे कडे, हातात काठी, कथा ऐन रंगात आली की थांबून पैसे मागायचे. भाषा कळत नव्हती. पण आपल्या खडी गंमतीत आणि दंडारीत सोंगाड्या कोठे थांबतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला तो कोठे थांबेल हे आधी कळत होते.

ऑगस्ट महिन्यात अल जदीदाजवळ मौले अब्दल्ला अम्घार या संताच्या दर्ग्यापाशी मोठी जत्रा भरते. समुद्रकाठी तंबूंचे गाव वसते. जत्रेचे आकर्षण म्हणजे तबूरिदा. हा शब्द बारूदपासून झालेला आहे, आपलीच बारूद. पंधरावीस स्वार एका रांगेत घोडे उभे करतात. मध्ये त्यांचा नायक, मुकद्दम. त्याने इशारा देताच घोडे सरळ रेषेत उधळतात आणि मैदानाच्या टोकाशी येताच सर्वांनी एकाच क्षणी बंदुकीचा बार उडवायचा. वीस बारांचा आवाज एकच व्हावा लागतो. एखादा मागेपुढे झाला की प्रेक्षक हुर्यो करतात. २०२१ मध्ये युनेस्कोने या खेळाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. मी पाहिला तेव्हा मला त्याची थोरवी ठाऊक नव्हती. धूर, किंकाळ्या, धूळ यांत एक घोडा अडखळला आणि स्वार खाली आला. मागच्या तुकडीला हाताने थांबवून त्याला उचलून नेले आणि पाच मिनिटांत पुढची रांग उभी राहिली. मी सहकाऱ्याला विचारले, “हे बंद का करीत नाहीत?” तो माझ्याकडे पाहत राहिला आणि खाल्तीसाठी बत्तासे घ्यायला निघून गेला.

त्या रात्री मी गुरुजींना चार पानी पत्र लिहिले. पत्र चांगले उतरले होते, असे मला वाटले. घोडे, खोगिरावरचे जरीकाम, समुद्रावरून येणारा दारूचा वास, सगळे होते. शेवटी मी लिहिले होते की हे लोक प्रेमळ आहेत खरे, पण रक्तात एक रानटीपणा आहे. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आले. गुरुजींच्या वळणदार अक्षरात अडीच ओळी होत्या. “पत्र पावले. संत्र्याचे वर्णन उत्तम. जो घोड्यावरून पडला तो कोण, त्याचे पुढे काय झाले, ते लिहिले नाहीस.”

मी त्या स्वाराची चौकशी केली नव्हती. कार्ड खिशात ठेवून दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला विचारले. त्याला सर्व ठाऊक होते. पडलेला माणूस त्याच्या मामाच्या गावचा, जवाचे शेत करणारा. गळ्याजवळचे हाड मोडले होते. वर्षभर तो घोड्याला स्वतःच्या तोंडचे काढून घालतो, जत्रेच्या चार दिवसांसाठी. त्याचा बाप याच मैदानावर मुकद्दम होता. हे ऐकताना मला आपल्याकडचे शंकरपटाचे बैल आठवले. लोणी चारून वाढविलेले, आणि ज्यांच्या मालकाच्या अंगावर धड सदरा नाही असे. तोपर्यंत मला ते का आठवले नव्हते, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

आणि मग पोळा आला. रमजान नुकताच लागला होता. सूर्यास्ताला खजूर आणि हरीरा घेऊन उपास सोडण्यासाठी मी त्यांच्या घरी होतो; माझा हरीरा अर्थातच वेगळा, मांसाशिवाय शिजविलेला. सहकाऱ्याने संगणकावर एक चित्रफीत लावली. नदी, नदीत रोवलेले पळसाचे झाड, दोन्ही काठांवर माणसे आणि मधे दगडांचा पाऊस. पांढुर्णा हे नाव त्याने नीट उच्चारले आणि विचारले, “हे तुझे गाव ना? हे बंद का करीत नाहीत?”

मित्रहो, जाम नदीच्या काठी बसलेल्या या सभेला गोटमार काय ते मी सांगावे, असे नाही. मी त्याला सांगू लागलो. सावरगावची मुलगी, पांढुर्ण्याचा मुलगा, नदीत अडकलेले ते दोघे, झेंडा, शेवटी चंडीमातेच्या देवळात नेलेला पळस. प्रशासनाने दिलेले रबरी चेंडू आणि त्यांचे झालेले हसे. माझ्या आजोबांचे शब्द माझ्या तोंडून येत होते. मी समर्थन करीत होतो! सौंसरकडे संत्र्याच्या बागा आहेत, जामसावळीला झोपलेल्या मारुतीचे देवस्थान आहे, १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहूनही मराठी शाळा चालविल्या, हे सारे मी एका दमात सांगितले. त्याला यातले काही विचारायचे नव्हते. त्याला दगड दिसत होते.

खाल्तीने तेवढ्यात विचारले, “यात तुझ्या ओळखीचे कोणाला लागले?”

माझ्या वर्गातील एका मुलाचा डावा डोळा गोटमारीत गेला. तो माझ्या बाकावर बसत असे. आज तो या सभागृहात आहे की नाही हे मी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. त्याच्याविषयी मी परदेशात कोणाशी कधी बोललो नव्हतो. खरे म्हणजे घरीही नाही. त्या दिवशी मी बोललो. त्याच दिवशीचे आणखी एक दृश्य सांगितले. आपले गुरुजी दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून सावरगावच्या काठाला, टिंक्चर आयोडिनची बाटली, कापूस आणि फाडलेली धोतरे घेऊन बसत. वर्गात त्यांनी गोटमारीची निंदा केली नाही आणि स्तुतीही केली नाही. दगड कोणी मारला ते विचारीत नसत. ज्याला लागले त्याला नाव मात्र विचारीत आणि पट्टी बांधताना त्या नावाने बोलत राहत. माझ्या मित्राला टांग्यात घालून त्यांनीच नेले. वहीत त्यांनी तारखेसह नावे लिहून ठेवली होती, हे मला त्यांच्या मागे कळले. अशी तेवीस वर्षांची नावे त्या वहीत आहेत.

गोटमार थांबावी असे माझे मत आहे. ते या व्यासपीठावरून बोलण्यात मला संकोच नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांना ते रुचणार नाही याचीही मला जाणीव आहे. पण त्या संध्याकाळी हे मत मी खाल्तीला सांगितले तेव्हा ते चित्रफीत पाहणाऱ्याचे मत उरले नव्हते. ती ऐकत होती. मग तिने मुलाला सांगितले की जवाच्या शेतकऱ्याचा खांदा अजून नीट झालेला नाही, त्याला उद्या भेटून ये आणि याला बरोबर ने. आम्ही गेलो. घोडा दाराशी बांधलेला होता. त्या माणसाने मला ओळखले नाही, ओळखण्याचे कारणही नव्हते. त्याने चहा पाजला. त्याचे नाव मी गुरुजींना कळविले. ते पत्र त्यांना पोहोचले होते.

२०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. ती बातमी मी सहकाऱ्याला फोनवर सांगितली. त्याला जिल्हा म्हणजे काय ते समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. त्याचा फोन दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे रात्र झाल्यावर येतो. खाल्ती आता थकली आहे, पण ती शेजारी बसलेली असते. आधी तिची विचारपूस होते, मग जत्रेत कोणी पडले का ते मी विचारतो, आणि मग पलीकडून तिचा आवाज येतो. तिचा प्रश्न मला भाषांतराशिवाय समजतो. सर्वांचे डोळे शाबूत आहेत ना?